खुलासा: अंड्यांच्या ट्रेंनी खोली साउंडप्रूफ होत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या गायक-वादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर फोम चिकटवा, शेजाऱ्यांना आवाज जाणार नाही. हे चुकीचं आहे.

आवाज बाहेर जाऊ न देणं आणि खोलीतला घुमारा कमी करणं ही दोन वेगळी कामं. पहिल्याला वजन आणि हवाबंदपणा लागतो: जाड भिंत, भरीव दार, फटींना रबर. घोडबंदर रोडचे हॉर्न बहुधा स्लायडिंग खिडकीतूनच आत येतात. भिंतीवरचा पुठ्ठा तिथे काय करणार?

ट्रे आणि पातळ फोम वरच्या पट्टीतला आवाज थोडाफार कमी करतात, त्यामुळे टाळी वाजवली की फरक जाणवतो. मेसेजवर विश्वास बसतो तो इथेच. पण १०० हर्ट्‌झच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या (बेसच्या), ध्वनिलहरीची लांबी साधारण ३.४ मीटर असते, इंचभर फोमने तिचं काही बिघडत नाही. त्यात १० बाय १० फुटांची बेडरूम असेल, तर लांबी-रुंदी दोन्हीकडून ५६ हर्ट्‌झच्या आसपासच आवाज साचतो. कोपऱ्यांत कापडात गुंडाळलेलं जाड रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी) ठेवल्यास बेस बराच आवरतो, अगदी खालचा मात्र तरीही पूर्ण नाही. खात्री करायची तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक घेऊन आधी-नंतरचे आलेख पाहा.

शिवाय पुठ्ठा पटकन पेटतो, आणि स्टुडिओत वायरींचं जाळं असतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.