टाळूवर तेल मुरवून मेंदूतली गाठ विरत नाही

महिनाभर आमच्या वेंगुर्ला-मालवण पट्ट्यातल्या वाडीवाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "बाळाच्या डोक्यात पाण्याची गाठ निघाली तर ऑपरेशनला नेऊ नका. ती आपोआप विरते. दुर्बीण घालून मेंदूला भोक पाडतात, मूल जन्माचं मंद होतं. नवीन टूम आहे, लाखो रुपये उकळतात. टाळूवर रोज कोमट खोबरेल मुरवा." मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. गेल्या आठवड्यात एका बाळंतिणीने हा मेसेज मला दाखवला. तिचं बाळ पाच आठवड्यांचं, आणि बांबोळीला, म्हणजे गोव्यातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात, न्यायची तारीख सासूबाईंनी पुढे ढकललेली. म्हणून हे लिहिते आहे.

"आपोआप विरते." काही गाठी विरतात, हे खरं आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत शंभरात एक-दोन बाळांच्या मेंदूत कोरॉइड प्लेक्ससची, म्हणजे मेंदूतलं नेहमीचं पाणी जिथे तयार होतं त्या भागाची, पाण्याची पुटकुळी दिसते. सोबत दुसरं व्यंग नसेल तर ती बहुतेक वेळा सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत जाते. तिथे शस्त्रक्रियेचं नावही कोणी काढत नाही. ॲरॅक्नॉइड सिस्ट मात्र वेगळी. ती मेंदूच्या आवरणाच्या पदरांत पाणी साठून होते, बहुधा जन्मापासूनच असते. लहान असेल, वाढत नसेल तर डॉक्टर तिच्यावरही नुसतं लक्ष ठेवतात. पण तिने मेंदूतल्या पाण्याची वाट अडवली तर डोकं फुगत जातं, बाळ ओकतं, नजर खाली वळते, झटके येतात. मेसेज लिहिणाऱ्याने पहिल्या जातीची गोष्ट उचलून दुसरीला चिकटवली. आपल्या बाळाची गाठ कुठली, हे त्या आईला मेसेज वाचून कसं कळणार?

"मेंदूला भोक पाडतात." भीती इथेच बसते, म्हणून नीट सांगते. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं पातळ असतात, सांधे जुळलेले नसतात. टाळूच्या कडेजवळ छोटा छेद घेऊन काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत नेतात आणि गाठीच्या भिंतीला भोक पाडून तिचं पाणी मेंदूतल्या नेहमीच्या पाण्याच्या वाटेला जोडून देतात. पावसात मळ्यात पाणी तुंबलं की आपण बांधाला वाट करतो, तसंच. सुईने नुसतं पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त पाव लिटरच्या आसपास असतं, म्हणून छेद जितका लहान तितकं बरं. धोके आहेत : रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पाणी झिरपणं. अगदी लहान बाळांत केलेली वाट पुन्हा बंदही होते, मग पोटापर्यंत नळी, म्हणजे शंट, बसवावी लागते. ती नळीही तुंबते, बदलावी लागते, म्हणूनच जमेल तिथे आधी दुर्बिणीचा विचार होतो. मेंदूचं नुकसान होतं ते आत वाढत राहिलेल्या दाबाने, आणि तो दाब कमी करायलाच ही शस्त्रक्रिया आहे.

नवीन टूम? बॉस्टनला विल्यम मिक्स्टर यांनी डोक्यात पाणी झालेल्या नऊ महिन्यांच्या मुलीवर दुर्बिणीतून अशीच पाण्याला वाट करून दिली ती १९२३ साली.

पैशांचं म्हणाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. आजारी तान्ह्या बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, ने-आण मोफत. आशाताईंना विचारा.

आता तेल. आपल्याकडे टाळू भरायची रीत आहे, हलक्या हाताने भरा, माझी ना नाही. पण टाळूखाली मेंदूचं जाड आवरण असतं, तेल त्यातून गाठीपर्यंत पोचत नाही. फुगलेली टाळू दाबून "बसवायला" मात्र कधीही जाऊ नका. बाळ शांत आहे, उभं धरलंय, आणि तरी टाळू फुगलेली, ताणलेली लागते, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. याच मऊ टाळूतून सोनोग्राफीने आतलं दिसतं, भूल नाही, किरणोत्सर्ग नाही. पुढे दीड वर्षापर्यंत ती बुजते आणि ही सोय जाते.

त्या बाळाच्या डोक्याचा घेर मी तिथेच टेपने मोजला. पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला साधारण २ सेंटीमीटर वाढ धरतात. याची तीन आठवड्यांत ४ सेंटीमीटर झाली होती. कार्डावरची रेघ कशी वर चढलीय ते सासूबाईंना बोट ठेवून दाखवलं. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "सिस्टर, माका ह्या आधी कोणी दाखवल्यानच नाय." दुसऱ्या दिवशी पहाटे त्या स्वतः बाळाला मांडीवर घेऊन बांबोळीच्या गाडीत बसल्या.