युरोपातलं भारनियमन

युरोप टूरच्या माहितीपत्रकात सगळं छापलेलं असतं. रोज रात्री गरमागरम भारतीय जेवण, आयफेल टॉवरचा कुठला मजला तिकिटात धरलाय, गोल फिरत वर जाणारी केबल कार, टिप रोजची किती युरो. फक्त हॉटेलच्या खोलीत प्लग पॉइंट किती आणि त्यातला एखादा तरी पलंगाजवळ आहे का, एवढंच छापत नाहीत. माझं ऐकाल तर टूर ह्याच एका आकड्यावर ठरवावी. खोलीच्या खिडकीतून आल्प्स दिसतो की हॉटेलची कचऱ्याची पिंपं दिसतात, ह्याने काडीचा फरक पडत नाही. सहा-सात-आठच्या टूरवर (सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला कोच हलणार) खिडकीकडे बघायला वेळ कुणाला आहे? माणूस खोलीत शिरतो तो वाकूनच, फरशीलगतच्या भिंती तपासत.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचा फोन, त्याचं पावलं मोजणारं घड्याळ, इअरबड्स आणि त्यांची डबी, कॅमेरा, कॅमेऱ्याची जादा बॅटरी. माझा फोन आणि लेकीने 'कोचमध्ये वाचशील' म्हणून दिलेला ई-रीडर. आईंचा फोन आणि कानातलं यंत्र, तेही हल्लीचं, रोज रात्री डबीत ठेवून चार्ज करायचं. जवळजवळ प्रत्येकाची वायर निराळी. "कपडे कमी घे, वजन वाढतंय," असं नवरा मला सांगत होता तेव्हा त्याच्या हातात एक्स्टेंशन बोर्ड होता. पाच मीटर वायरचा.

सल्लेही आले. आमच्या सोसायटीतले एक काका फार वर्षांपूर्वी मुलाकडे न्यू जर्सीला राहून आलेत. "परदेशात व्होल्टेज वेगळं असतं, फुटतील तुमचे चार्जर," म्हणत त्यांनी घरातला ट्रान्सफॉर्मर आणून दिला. लोखंडी डबा, वर कडी, उचलताना कंबरेचा विचार करावा लागेल असा. आठवीला विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला, हे त्यांना माहीत होतं. पण अमेरिका त्यांनी पाहिली होती, मी नव्हती. तिथे १२० व्होल्ट आहेत हे खरंच. युरोपात मात्र आपल्यासारखेच २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. फरक विजेत नाही, भोकात आहे. हे त्यांना सांगणार कोण? ट्रान्सफॉर्मर आमच्या माळ्यावर राहिला. आल्यावर परत करायला गेलो, तर "उपयोग झाला ना?" नवरा म्हणाला, "खूपच."

पॉवर बँक घ्यायला नवरा एकटा गेला आणि ३०,००० एमएएचची घेऊन आला. "ह्याच्यावर फ्रिज चालेल साहेब," असं दुकानदार म्हणाला म्हणे. मी पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. ३०,००० गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले हजार, झाले १११ वॅट-अवर. विमानात परवानगीशिवाय १०० पर्यंतच चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीला विचारावं लागतं. फ्रिज बरोबर न्यायचा नसल्यामुळे ती बदलून २०,००० ची आणली, म्हणजे ७४. तीसुद्धा चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्याच बॅगेत हवी. विमानाच्या पोटात लिथियमने पेट घेतला तर विझवायला जाणार कोण? कारण पटण्यासारखं आहे. पण हातातली बॅग म्हणजे माझी पर्स, हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

मुंबईला सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये मी ती पर्स उपडी केली. जवानाने तारांचं भेंडोळं दोन बोटांत धरून वर उचललं, त्याला इअरबड्सची डबी लोंबत होती. "मॅडम, दुकान है क्या?" मागून आई म्हणाल्या, "त्याला सांग, ह्यातलं माझं एकच आहे."

पहिला मुक्काम पॅरिसचा. (म्हणजे विमानतळाच्या बाजूला. पॅरिस लांबून दिसलं.) फ्रेंच सॉकेट भिंतीत गोल, खोल गेलेलं असतं आणि त्यातून अर्थची पिन आपल्या अंगावर आलेली असते. आपण आयुष्यभर भिंतीत पिना खुपसल्या, इथे भिंतच आपल्याला पिन दाखवते! '१५० देशांत चालणारा' म्हणून घेतलेला चौकोनी ॲडॉप्टर त्या गोल खळग्यात मावेना, आणि मावला असता तरी ती पिन आडवी आली असती. त्यामुळे त्याच्यावर विसंबून आणलेला एक्स्टेंशन बोर्डही गेला. शेवटी मी माझा साधा, बारीक दोन पिनांचा चार्जर लावून बघितला. गेला की सरळ! आपल्या फोनच्या बहुतेक चार्जरांच्या त्या पिना युरोपभर चालतात. हे सांगितलं असतं, तर दुकानदाराचे ॲडॉप्टर कुणी घेतले असते?

नवरा मग बटण शोधायला लागला. तिकडे सॉकेटला बटणच नसतं, पिन घातली की चालू. इंग्रज तेवढे आपल्यासारखे बटणं लावतात. मी सांगूनही त्याचा विश्वास बसेना, म्हणून तो दिसेल ते बटण दाबून बघत राहिला. थोड्या वेळाने बाथरूममधून आईंचा आवाज आला, "अरे, इथेही भारनियमन आहे का?"

मी तर म्हणते, युरोपीय लोकांनी अर्धंच काम केलं. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये नवीन फोन, टॅब, कॅमेरा, हेडफोन सगळ्यांना सी-टाइप सक्तीचं झालं. आयफोनवाल्यांनीही २०२३ मध्येच मुकाट्याने ते घेतलं. फोनच्या बुडाचं भोक एक झालं, भिंतीतलं राहून गेलं. फ्रान्सचं वेगळं, जर्मनीचं वेगळं. स्वित्झर्लंड युनियनमध्येच नाही, त्यांचं षटकोनी. इटलीत तीन भोकं एका रांगेत, तीही दोन मापांची, दहा अँपिअरची बारीक आणि सोळाची जाड. सगळ्या जगाला एकच पिन असावी म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळाने १९८६ साली एक नमुना काढला होता. तो आपापल्या परीने उचलला ब्राझीलने आणि दक्षिण आफ्रिकेने. आमच्या टूरमध्ये नेमके हे दोन देश नव्हते.

तर खोलीत भोकं तीन. एकात टीव्ही. दुसरं बाथरूममध्ये, वर दाढीच्या मशीनचं चित्र, म्हणजे बाकीच्यांनी लांब राहा. उरलं एक, टेबलाखाली कोपऱ्यात. मग मी हॉटेलच्या पॅडवर वेळापत्रक आखलं. आईंच्या कानातल्या यंत्राला पहिला मान. नवऱ्याने अगदी हळू आवाजात सुचवलं, "दिवसाआड केलं तर?" तेवढं आईंना नेमकं ऐकू आलं. मग घड्याळ, कारण पावलं मोजली गेली नाहीत तर चालून उपयोग काय, असं नवऱ्याचं ठाम मत. मग त्याचा फोन. मध्यरात्रीनंतर कॅमेरा. माहेरी विहिरीवरच्या मोटारीला रात्रीचीच लाइट यायची तेव्हा दादा बॅटरी घेऊन मळ्यात जायचा आणि मोटार चालू करून यायचा. मीही तशीच एकचा गजर लावून उठायचे, टेबलाखाली शिरायचे आणि इअरबड्स काढून कॅमेरा लावून परत यायचे. उजेडाला फोन. म्हणजे एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून सांडायचं.

बरं, लावून ठेवलंय म्हणून निर्धास्त जेवायला जावं, तर तीही सोय नाही. खोलीचं कार्ड दाराजवळच्या खाचेत असेल तरच वीज. कार्ड घेऊन बाहेर पडलात की सगळं ठप्प. आम्ही पनीर खाऊन येतो तोवर फोन होता तिथेच. चिंचवडच्या एक वहिनी ह्यात मुरलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, जुन्या पद्धतीच्या खाचेला कार्ड कुठलं ते कळत नाही, जाडी कळते. त्या दिवसापासून माझं वाचनालयाचं सभासद कार्ड खाचेत बसू लागलं. इतकी वर्षं वर्गणी भरली त्याचं चीज झालं.

ह्याच वहिनींनी चहासाठी इलेक्ट्रिक किटली आणली होती. तिकडे बऱ्याच हॉटेलांत खोलीत किटली नसते आणि आपल्याला सहाला चहा नसेल तर सातचा नाश्ता कशाला? पण किटली १,५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि त्यांच्या ॲडॉप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं सहा. आम्ही चहाच्या आशेने कप घेऊन उभे होतो. पाणी कोमट झालं आणि ॲडॉप्टरचा फ्यूज उडाला. त्या पाण्यात बुडवलेल्या टी-बॅगचा रंग मला अजून आठवतो.

कोचमध्ये काही सीटांखाली यूएसबी पॉइंट होते, त्यातले काही चालू. सीटा रोज बदलायच्या, हा टूरचा नियम, त्यामुळे आदल्या संध्याकाळपासून कुजबुज सुरू व्हायची. 'उद्या डावीकडची सहावी कुणाची?' पुढे बसलं की गाडी लागत नाही, असा एरवी सगळ्यांचा आग्रह असतो. आमच्याकडे सहाव्या रांगेसाठी लोकांना गाडी लागायला लागली. त्यातही साडेचार तास चालवल्यावर ड्रायव्हरने पाऊण तास थांबायचं, असा युरोपचा कायदा. थांबला की इंजिन बंद, इंजिन बंद की चार्जिंग बंद. "थोडं चालू ठेव म्हणावं," असं सोलापूरचे एक काका टूर मॅनेजरला रोज सांगायचे आणि तो रोज दंडाचा आकडा सांगायचा.

स्वित्झर्लंडमध्ये षटकोनी खळगा. तिथे तो १५० देशांचा ॲडॉप्टर कसाबसा टेकायचा, पण स्वतःच्याच वजनाने रात्री सुटून पडायचा. नवऱ्याने त्याला खालून भाकरवडीच्या पाकिटाचा टेकू दिला. दोन दिवस बरं चाललं. मग आईंनी पाकीट फोडलं.

युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवर, थंडीने फोन कोसळायला लागले. चाळीस टक्के दाखवणारा फोन बर्फात काढला की डोळे मिटायचा. थंडीत बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, ती मेलेली नसते, गारठलेली असते. हे मी गटाला समजावून सांगितल्यावर जो तो आपापला फोन पोटाशी धरून उभा राहिला. नवऱ्याने त्याचा माकडटोपीत, कानाशी खोचला. फोन उबेला होता, घेणारा कुडकुडत होता, आणि मागचं ग्लेशियर बघायला कुणाला सवड नव्हती. आईंनी तेवढं नीट बघितलं. म्हणाल्या, "पांढरं आहे."

तिथून गोटहार्डच्या जवळजवळ सतरा किलोमीटरच्या बोगद्यातून आम्ही इटलीकडे उतरलो. सरहद्द ओलांडली की कोमो. टूर मॅनेजर माइकवरून सांगत होता की तळ्याकाठी एका हॉलिवूडच्या नटाचा बंगला आहे, आणि सगळा कोच डावी-उजवीकडे वाकून तो शोधत होता. मला राहवेना. ह्याच गावात १७४५ साली अलेस्सांद्रो व्होल्टा जन्मला. जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे, असा थर रचून त्याने पहिली बॅटरी केली आणि १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. युरो येण्याआधी इटलीच्या दहा हजार लिराच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. शंभरेक बॅटऱ्या घेऊन आपण त्याच्या दारावरून चाललोय आणि कुणी नावही काढू नये? मी माइक मागून घेतला आणि सांगितलं, "मंडळी, जगातली पहिली बॅटरी ह्या माणसाने केली."

मागून सोलापूरचे काका ओरडले, "दुकान उघडं असेल का? माझ्या बीपीच्या मशीनचे पेन्सिल सेल संपलेत."

ह्याच काकांचा फोनचा चार्जर फ्लॉरेन्सबाहेरच्या हॉटेलात हरवला. सकाळचे पावणेआठ, बॅगा कोचमध्ये, आणि काका रिसेप्शनवर. मी दुभाषी. रिसेप्शनवरच्या बाईंनी काहीही न विचारता काउंटरखालून एक खोका काढला आणि उघडून पुढे सरकवला. आत नुसते चार्जर. प्रवासी येतात, जातात, चार्जर भिंतीत राहतात. बाईंनी विचारलं, तुमचा कसा होता?

"काळा," काका म्हणाले.

सगळेच काळे होते. तोवर आमचा निम्मा गट कोचमधून उतरून खोक्याभोवती जमला होता. कुणी वायर ताणून बघतंय, कुणी अँपिअर वाचतंय, चिंचवडच्या वहिनींनी नुसतं 'बघते हं' म्हणून दोन बाजूला काढून ठेवले. बाई हसून म्हणाल्या, घ्या कुठलाही, कुणी मागायला येत नाही. काकांनी सगळ्यात जड बघून एक उचलला. पण फुकट घेणं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी पाउचमधून आपला चौकोनी ॲडॉप्टर काढला, आमच्यासारखाच, आणि खोक्यात ठेवून मला म्हणाले, "सांगा त्यांना, १५० देशांत चालतो."

मी सांगितलं. बाईंनी छातीवर हात ठेवून आभार मानले. फ्रान्सचं मी काढलं नाही.