सम-विषमचा मेसेज आणि काकूंची दुसरी गाडी

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा भावजींनी एक मेसेज टाकला. तोच मेसेज त्याआधी मला तीन ठिकाणांहून आला होता आणि मी तो तिन्ही वेळा न वाचता सोडून दिला होता. या वेळी सोडता आला नाही, कारण तासाभरात काकूंचा फोन आला. काकांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, सोमवार-बुधवार-शुक्रवार, आणि त्यांना न्यायला-आणायला घरात एकच गाडी आहे. काकूंनी विचारलं, "आता आपल्याला एखादी जुनी गाडी बघून ठेवावी लागेल का रे?" हा सल्ला त्यांना त्या मेसेजनेच दिला होता.

मेसेज थोडक्यात असा: गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर ती सम तारखेला रस्त्यावर येणार, विषम असेल तर विषम तारखेला. निम्म्या गाड्या घरी, म्हणून निम्मी कोंडी गायब. बीजिंगसारख्या जगातल्या मोठ्या शहरांनी हे करून हवा स्वच्छ केली. लोक आपोआप बस आणि मेट्रोकडे वळतात. सरकारला एक पैसा खर्च नाही. ज्यांना फारच अडचण आहे त्यांनी दुसऱ्या आकड्याची एक जुनी गाडी घेऊन ठेवावी. आणि याला विरोध करतात ते फक्त गाडीवाले श्रीमंत.

त्या दुसऱ्या गाडीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळं प्रकरण तिथेच फसतं. एका गाडीला रोज आळीपाळीने बंदी असेल आणि घरात सम आणि विषम अशा दोन्ही आकड्यांच्या गाड्या असतील, तर त्या घरातून रोज एक गाडी निघणारच. म्हणजे त्या घरापुरता बंदीचा परिणाम शून्य. वर एक गाडी रोज रस्त्याच्या कडेला उभी राहून जागा अडवणार. गाड्या कमी व्हाव्यात म्हणून नियम सुचवायचा आणि त्याच मेसेजमध्ये गाड्या वाढवायचा सल्ला द्यायचा, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही, हे मला खरोखर कळत नाही.

हे फक्त तर्काने सांगत नाही. मेक्सिको सिटीने नंबरवरची अशीच एक बंदी करून पाहिली आहे आणि तिचा हिशेबही झालेला आहे. २० नोव्हेंबर १९८९ पासून तिथे प्रत्येक गाडीला आठवड्यातला एक कामाचा दिवस बंदी आली. सोमवारी ५ आणि ६ आकड्यांच्या गाड्या बंद, मंगळवारी ७ आणि ८ च्या, अशी शुक्रवारपर्यंत वाटणी. वेळ पहाटे ५ ते रात्री १०. म्हणजे कागदावर रोज पाचातली एक गाडी कमी. सुरुवातीला ही योजना फक्त हिवाळ्यापुरती होती, पुढे ती कायमची झाली.

लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञाने या योजनेचा अभ्यास करून २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. शहरातल्या हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या तासातासाच्या नोंदी त्याने तपासल्या. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, ओझोन, सल्फर डायऑक्साइड, सगळं पाहिलं. बंदीमुळे हवा सुधारल्याचा पुरावा त्याला यातल्या एकाही घटकात सापडला नाही. लोकांनी नियम मोडला म्हणून असं झालं, असंही म्हणता येत नाही, कारण नियम जवळपास सगळ्यांनी पाळला होता. उलट बंदी नसलेल्या वेळी, म्हणजे रात्री उशिरा आणि शनिवार-रविवारी, प्रदूषण तुलनेने वाढल्याच्या खुणा त्याला दिसल्या. शहरातल्या एकूण गाड्या वाढल्या, आणि वाढल्या त्यांत जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांचा वाटा वाढला.

जागतिक बँकेकडून १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं आणखी स्पष्ट चित्र आहे. बंदीच्या आधी मेक्सिको सिटीतून वर्षाला सुमारे ७४ हजार वापरलेल्या गाड्या देशाच्या इतर भागांत विकल्या जात. बंदीनंतर प्रवाह उलटा झाला आणि वर्षाला सुमारे ८५ हजार जुन्या गाड्या शहरात येऊ लागल्या. काकूंनी फोनवर जे विचारलं, तेच तिथल्या हजारो घरांनी केलं होतं.

एक दिवसाच्या बंदीत तर आणखी वाईट घडतं. समजा घरातल्या पहिल्या गाडीला सोमवारी बंदी आहे आणि दुसरी घेतली तिला गुरुवारी. मग उरलेले पाच दिवस दोन्ही गाड्या मोकळ्या. दुसरी गाडी दारात उभीच आहे म्हटल्यावर कॉलेजात बसने जाणारा मुलगा ती काढणारच, त्याला दोष कसा देणार? एका बंद दिवसासाठी घेतलेली गाडी पाच दिवस जास्तीच्या फेऱ्या मारते. बंदी गाडीच्या आकड्यावर आहे, माणसाच्या फेऱ्यांवर नाही, आणि फेरी करायची गरज काही कमी झालेली नसते.

आता काकांची गोष्ट, कारण मेसेजमध्ये "आजाऱ्यांसाठी ॲम्ब्युलन्स आहेच" असं एक वाक्य आहे आणि ते वाचून माझा संताप झाला. कॅलेंडर घेऊन बसा. सोमवारी ३ तारीख असेल तर बुधवारी ५ आणि शुक्रवारी ७. तिन्ही विषम. पुढच्या आठवड्यात १०, १२, १४. तिन्ही सम. म्हणजे सम आकड्याची एकच गाडी असलेल्या घरातल्या डायलिसिसच्या पेशंटची एका आठवड्यात तीनच्या तीन वेळा अडचण होते आणि पुढच्या आठवड्यात एकदाही होत नाही. शिवाय ३१ दिवसांचा महिना संपला की ३१ आणि १ अशा सलग दोन विषम तारखा येतात. "एक दिवस गैरसोय, एक दिवस सोय" हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण ज्याचं वेळापत्रक एक दिवसाआडचं आहे त्याला ते अजिबात न्याय्य नाही. दिल्लीत वैद्यकीय तातडीच्या गाड्यांना सूट होती हे मला माहीत आहे. डायलिसिस ही तातडी नसते, ती वर्षानुवर्षांची ठरलेली वारी असते, आणि उपचारानंतर गळून गेलेल्या माणसाने दर वेळी चौकात पोलिसाला फाइल दाखवून घरी जायचं का? त्यासाठी ॲम्ब्युलन्स मागवणं म्हणजे खऱ्या तातडीच्या पेशंटची गाडी अडवणं.

"निम्म्या गाड्या घरी" हे गणितही टिकत नाही. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये सम-विषम लागू झालं तेव्हा दुचाकी वगळल्या होत्या. टॅक्सी, रिक्षा, बस यांना बंदी नव्हतीच. एकट्या महिला चालवत असलेल्या गाड्या, सीएनजीच्या गाड्या आणि मोठ्या पदांवरच्या लोकांच्या गाड्यांनाही सूट होती. मग "निम्म्या" म्हणजे नक्की कशाच्या निम्म्या? रस्त्यावरच्या सगळ्या वाहनांच्या एका भागाच्या निम्म्या. त्यात ज्याची गाडी बंद तो टॅक्सी करतो, आणि टॅक्सी त्याला सोडून रिकामी परत फिरते, म्हणजे तेवढीच माणसं पोचवायला रस्त्यावर जास्त किलोमीटर लागतात. रस्ता थोडा मोकळा दिसला की आजवर गर्दीला कंटाळून गाडी न काढणारेही ती काढतात. यातली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी आहे, पण सगळ्या एकाच दिशेने जातात.

आता जे खरं आहे ते मान्य करायला हवं. दिल्लीतल्या त्या पहिल्या पंधरवड्यात रस्ते मोकळे वाटले, आणि बंदीच्या तासांत हवेतल्या सूक्ष्म कणांचं प्रमाण कमी झाल्याचं अभ्यासातही दिसलं. मात्र त्या दिवसांत शाळा बंद ठेवल्या होत्या आणि शाळांच्या बस प्रवाशांसाठी धावत होत्या, हे मेसेजमध्ये नाही. एप्रिल २०१६ मध्ये दुसरी फेरी झाली तेव्हा हवेवर तसा परिणाम दिसला नाही, हेही मेसेजमध्ये नाही.

जकार्तातलं उदाहरण मला स्वतःलाच थोडं अडचणीचं आहे, तरी सांगतो. तिथे काही मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी तीनपेक्षा कमी माणसं असलेल्या गाडीला बंदी होती. २०१६ मध्ये ती उठवली आणि संध्याकाळी प्रत्येक किलोमीटरमागे होणारा उशीर २.८ मिनिटांवरून ५.३ मिनिटांवर गेला. म्हणजे निर्बंधांनी काहीच होत नाही असं मी म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. पण तो नियम गाडीत किती माणसं आहेत हे विचारत होता, नंबर काय आहे हे नाही. दुसरी गाडी विकत घेऊन त्या नियमातून सुटता येत नव्हतं. पुढे जकार्तानेही सम-विषमच आणलं, हा भाग भावजींच्या बाजूने धरावा.

बीजिंगचा दाखला मात्र अर्धवट आहे. २००८ च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे सम-विषम होतं आणि हवा सुधारली, हे बरोबर. त्याच काळात कारखाने बंद केले होते, बांधकामं थांबवली होती. श्रेय एकट्या नंबर प्लेटला कसं देणार? खेळ संपल्यावर तिथे आठवड्यातून एक दिवसाची बंदी राहिली, आणि २०११ पासून नव्या नंबर प्लेटसाठी सोडत काढावी लागली. गाडी चालवायला बंदी घालून गाडी विकत घेणं थांबत नाही, हे त्या शहराने अनुभवाने शिकून मग खरेदीचंच दार आवळलं.

लोक आपोआप बस आणि मेट्रोकडे वळतात, हा मुद्दा डेव्हिसने तपासलेला आहे. मेक्सिको सिटीत बंदीनंतर मेट्रोचे किंवा बसचे प्रवासी वाढल्याचं त्याला दिसलं नाही. वळण्यासाठी बस वेळेवर यावी लागते, तिच्यात पाय ठेवायला जागा असावी लागते, आणि ती दवाखान्याच्या जवळ थांबावी लागते. ते नसेल तर माणूस दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट बहुतेक वेळा चार चाकांचीच असते.

खर्च शून्य, हेही खोटं. चौकाचौकात पोलीस किंवा कॅमेरे लागतात, जादा बस लागतात. पुढे जाऊ.

राहिला शेवटचा मुद्दा, विरोध करणारे श्रीमंत गाडीवाले. माझ्याकडे गाडी नाही. मी रोज बसने जातो आणि कोंडीत बस अडकली की माझाच वेळ जातो, म्हणून कोंडी कमी व्हावी असं मला भावजींपेक्षा जास्त वाटतं. पण सम-विषमचा फटका श्रीमंताला बसतच नाही, त्याच्या दारात आधीच दोन-तीन गाड्या आहेत. फटका बसतो तो एका गाडीवर धंदा करणाऱ्याला, आणि काकूंसारख्या घराला. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतामध्ये, १९९८ पासून नंबरवरची बंदी आहे, आणि २०२० पासून तिथे ठरावीक रक्कम भरली की बंदीच्या दिवशीही गाडी काढता येते. पैसे घेऊनच गाडी रस्त्यावर येऊ द्यायची असेल तर ते उघडपणे आणि सगळ्यांकडून घ्यावेत. सिंगापूरने १९७५ मध्ये तेच केलं, लंडनने २००३ मध्ये. स्टॉकहोमने २००६ मध्ये सहा-सात महिने प्रयोग केला, शहराच्या मध्यभागात कामाच्या दिवशी दिवसा शिरणाऱ्या किंवा तिथून बाहेर पडणाऱ्या गाडीकडून शुल्क घेतलं, त्याआधीच जादा बस सोडल्या, आणि त्या हद्दीवरची रहदारी साधारण २० टक्क्यांनी कमी झाली. नंतर लोकांचं मत घेतलं आणि २००७ पासून ते कायम केलं. तिथे दुसरी गाडी घेतली तर दुसऱ्या गाडीचंही शुल्क भरावं लागतं, त्यामुळे ती घ्यायचं काही कारण उरत नाही. आणि डायलिसिसला जाणाऱ्याला शुल्कातून सूट देणं एका नोंदीचं काम आहे. त्याला तारीख बघत बसावं लागत नाही.

काकूंना मी परत फोन केला. असा कुठलाही आदेश निघालेला नाही, तो फक्त मेसेज आहे, हे सांगितलं, आणि जुनी गाडी बघू नका म्हटलं. त्या म्हणाल्या की ओळखीतल्या एकाकडे त्यांनी निरोप ठेवला होता, आता नको म्हणून कळवते. भावजींनी मेसेज अजून ग्रुपवरून काढलेला नाही. त्यांनी तो आणखी कुठे कुठे पाठवला असेल, तिथे मेक्सिको सिटीचे हे आकडेही पाठवावेत, एवढं मी त्यांना लिहिलं आहे.