उशाशी बादली

प्रशांत महासागरातल्या तुवालूसारख्या बेटांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा विषय मंदारने काढला, तेव्हाच कळलं की आज 'शाश्वत' हा शब्द किमान वीस वेळा ऐकावा लागणार. परवा कुठलासा व्हिडिओ पाहून आला होता.

"बांबू! सिमेंटमध्ये लोखंडाऐवजी बांबू. निसर्गातून आलं, निसर्गात गेलं."

"जाणारच," नान्या म्हणाला. "टाकीतल्या पाण्यासकट."

नान्याचा जन्म पाणीपुरवठ्याच्या कामांवर देखरेख करण्यात गेला. बांबू पाणी पितो, फुगतो, वाळला की आकसतो आणि काँक्रीटचा हात सोडतो, एवढं त्याने दोन वाक्यांत संपवलं. मग कट्ट्याच्या कडेचा गिलावा उडालाय तिथे उघडी पडलेली सळई नखाने खरवडली. तपकिरी पापुद्रे खाली पडले.

"समुद्रापासून इतक्या लांब ही दशा. तिकडे वाळूत मीठ, हवेत मीठ. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. वरून मसाला थापून 'दुरुस्ती पूर्ण' लिहितात. आतलं मीठ तसंच! सहा महिन्यांनी ठिगळाच्या शेजारी नवा तडा."

"मग घालायचं काय?" शैलाने विचारलं.

"काचतंतूच्या सळ्या. गंज नाही."

"प्लास्टिक!" मंदार असा ओरडला की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.

"तंतू चिकटवणारं रेझिन असतंच त्यात. पण दर थोड्या वर्षांनी बोट भरभरून सिमेंट नेणं हे तुझं हिरवं, आणि एकदा नेऊन विसरणं हे पाप?" मग आवाज जरा खाली आणत, "एक खोट आहे. जागेवर वाकवता येत नाहीत. कोपऱ्याची सळई कारखान्यातूनच वाकून यायला हवी. माप चुकलं की पुढच्या बोटीपर्यंत हात चोळा."

मंदार आता रोमवर आला. चुना आणि ज्वालामुखीची राख, समुद्रातले धक्के, दोन हजार वर्षं! हे खरंच आहे, पण तो ते सांगतो तेव्हा धक्का त्याच्या आजोबांनी बांधल्यासारखं वाटतं.

"त्यात सळई नव्हतीच, गंजणार काय?" नान्या म्हणाला. "आणि तुवालूत राख कुठली? सगळी जमीन म्हणजे पोवळ्यांचा चुरा."

"तर पोवळंच भाजून चुना—"

"शाब्बास," शैला म्हणाली. "लाटा अडवतात ते पोवळ्यांचे खडक. टाकी वाचवायला बेट बुडव."

मंदार पहिल्यांदा गप्प बसला. तेवढ्यात मी मालदीवच्या राजधानीचं, मालेचं काढलं. २०१४ च्या डिसेंबरात खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि लाखाच्या वर माणसं कोरडी पडली. भारतातून विमानांनी पाणी न्यावं लागलं. तिथे सळई कसली होती हा प्रश्नच नव्हता, सगळं एका जागी होतं हा होता. कुणी लक्ष दिलं नाही. माझं असंच होतं.

नान्याचा जीव मात्र अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांत. नदी नाही, तलाव नाही. छपरं चुनखडीच्या फरशांची, पायऱ्यापायऱ्यांची, वर चुन्याची सफेदी. हल्ली बरेच जण रंग मारतात. पाऊस छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून घराखालच्या टाकीत. "दगड तिथलाच. छप्पर चिरलं तर घरमालक शिडी लावून वर चढतो. सल्लागाराचं विमान उतरेपर्यंत थांबत नाही. याला म्हणतात टिकाऊ."

आम्ही मान डोलावणार, एवढ्यात मंदारने तीन वर्षांपूर्वीचं उकरून काढलं.

"सल्लागार कोण बोलतोय! माझ्या गच्चीवरची टाकी कुणी दुरुस्त केली रे? अजून उशाशी बादली ठेवून झोपतो मी!"

शैला हसत सुटली. नान्याचा चेहरा ढिम्म.

"घरात पावसाची टाकी बर्म्युडात कायद्याने लागते. तुला मी तशीच दिली."

"पावसाची? मे महिन्यातही गळते ती!"

यावर नान्यालाही हसू आवरेना, आणि तुवालू, रोम, बांबू सगळं तिथेच राहिलं.