नागपूरचा कूलर आणि नैरोबीची शेगडी

मी नैरोबीत राहते, एका हार्डवेअरच्या कंपनीत हिशोब बघते, आणि नऊ वर्षांत जेवढं नागपूर आठवलं तेवढं मागच्या महिन्यात भाच्याशी फोनवर झालेल्या भांडणात आठवलं. त्याला स्मार्ट कूलरचं स्टार्टअप काढायचंय, गरीब वस्त्यांसाठी, मोबाईलवरून चालणारा, बंद बॉडीचा, वीज कमी खाणारा. त्याचे बाबा म्हणतात काहून बे हे सगळं, सरकारनं उन्हाळ्यात फुकट कूलर वाटावे, विषय संपला. घरोघरी हाच वाद चालू आहे म्हणे, फुकट द्या की धंदा करा. मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात.

नागपूरच्या महाल भागात आमच्या घराजवळ एक कूलरवाले काका होते. पत्रा कापायचे, वाकवायचे, तीन बाजूंना पाण्याने भिजणाऱ्या ताट्या, आत पंखा, खाली पाण्याचा पंप, झालं. मार्च लागला की त्यांच्या दुकानासमोर रस्त्यावर कूलरच कूलर, कोणाला विकत, कोणाला सीझनपुरता भाड्याने, पोरं दोन-तीन जणं मिळून रूमवर घेऊन जायची. पंप बिघडला तर संध्याकाळपर्यंत दुसरा लागायचा कारण तो कोणत्याही दुकानात मिळायचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आमचं अख्खं शहर अशाच लोकांच्या हातच्या वस्तूवर झोपतं, आणि याला इनोव्हेशन म्हणायचं हे आजवर कोणाच्या डोक्यात आलं नाही.

इथे नैरोबीत कामुकुंजीच्या बाजारात गेलं की मला तेच काका दिसतात. तिथे शेकडो कारागीर दिवसभर पत्रा ठोकत असतात, आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. अशा कारागिरांना इथे जुआ काली म्हणतात, स्वाहिलीत त्याचा अर्थ कडक ऊन, म्हणजे उन्हात बसून काम करणारे. (हा शब्द खरंतर नागपूरचाच असायला हवा होता.) तिथे कोळशाची शेगडी बनते, जिको. कमरेत बारीक, डमरूसारखी, बाहेरून पत्रा, वरच्या अर्ध्या भागात भाजलेल्या मातीचं अस्तर, त्याला खाली भोकं, राख खालच्या भागात पडते. मातीमुळे उष्णता बाहेर जात नाही आणि कोळसा पुष्कळ कमी लागतो.

ही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, मूळ कल्पना थायलंडच्या बादलीसारख्या शेगडीची. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, आपल्याकडे सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सबसिडी दिली, कोट्यवधी चुली बसवल्या, पण हिशोब बसवलेल्या चुलींचा होता, पेटणाऱ्या चुलींचा नाही. चिमणी तुंबली तर कोण येणार, घरातलं भांडं तोंडावर बसतं का, हे विचारायला कोणी परत गेलं नाही. कितीतरी चुली वापराविना पडल्या आणि २००२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला. जिको मात्र आजही दुकानात आहे आणि माझ्या शेजारणीच्या अंगणातसुद्धा.

आता भाचा लगेच म्हणेल, बघ, बाजाराने केलं. नाही रे बाबा. संशोधनाला आणि कारागिरांना शिकवायला मदतीचाच पैसा लागला, अमेरिकेचासुद्धा. सुरुवातीला शेगडी महाग होती, नंतर नकला निघाल्या, त्यातल्या काहींचं अस्तर तडकायचं. पण फुकटचा पैसा शेगडीवर न घालता शिकवण्यावर घातला, कारागीर वाढले, किंमत उतरली. आणि ती कोळशावरच चालते, धूर आहे, जंगल तुटतं, हेही खरं.

इथलं सगळं चांगलं असंही मी म्हणत नाही. इथे एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ पासून आहे, साध्या फोनवर, बँकेत खातं नसलं तरी चालतं, पण पैसे पाठवायला चार्ज पडतो, आपल्याकडे यूपीआयला तो नाही. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी रोजच्या हप्त्यावर सोलर दिवा घेतला होता, आठवडाभर आजारी पडल्या, हप्ता चुकला, तर कंपनीने दिवा दुरूनच बंद केला. ऐन आजारपणात घरात अंधार. बंद बॉडी आणि मोबाईलचं कुलूप म्हटलं की मला तोच अंधार दिसतो, आणि म्हणूनच मी भाच्यावर एवढी चिडले.

आपल्या कूलरचा खरा दोष वेगळाच आहे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा करंट लागून माणसं जातात, लहान लेकरंसुद्धा. पत्र्याची बॉडी, पाणी, ओली फरशी, आणि जुन्या घरांत धड अर्थिंग नाही. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी नावाचा सुरक्षा स्विच लावला तर वीज गळताक्षणी पुरवठा तुटतो. ही काही नवी शोधायची गोष्ट नाही, ती काकांच्या दुकानापर्यंत पोचलेली नाही एवढंच. सरकारचा पैसा इथे लावा ना, कूलर बनवणाऱ्यांना शिकवा, आरसीसीबी स्वस्तात द्या, तपासणी करा.

भाचा म्हणाला, "मावशी, मग माझी कंपनी कशाची?" मी म्हटलं, जुन्या कूलरला तासाभरात बसेल असा आरसीसीबीवाला बोर्ड बनव, जो कोणताही कूलरवाला उघडून दुरुस्त करू शकेल, आणि पैसे उन्हाळाभर थोडे थोडे घे. तो अजून तयार नाही झालेला. मी मार्चमध्ये येतेय, आईच्या कूलरच्या ताट्या बदलायच्याच आहेत, दोघं मिळून काकांच्या दुकानात जाऊ असं ठरलंय, आता दुकान त्यांचा मुलगा चालवतो.