मिठाला रेणू नसतो

"मामा, मिठाचा रेणू काढून दाखव," भाची म्हणाली, तेव्हा मी विचार करायलासुद्धा थांबलो नाही. शाईचं पेन उचललं आणि तिच्या वहीत एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं काढली. एकात लिहिलं 'सो', दुसऱ्यात 'क्लो'. खाली शीर्षक, 'मिठाचा रेणू', आणि त्याखाली दुहेरी रेघ. आमच्या वेळी दुहेरी रेघेला अर्धा गुण असे, अशी माझी समजूत आहे.

"चूक," ती म्हणाली. "मिठाला रेणू नसतो."

चूक माझीच होती. आदल्या रात्री बसल्या बसल्या मी म्हणून गेलो होतो, "दहावीपर्यंतचं काहीही विचार." असं वाक्य माणसाने वयाच्या पन्नाशीत उच्चारू नये. उच्चारलंच, तर इतिहासापुरतं उच्चारावं. तिथे निदान मधल्या काळात पानिपत बदललेलं नसतं.

तर मिठात सोडिअम आणि क्लोरिनची जोडपी नसतातच. असते ती एक अफाट चाळ. प्रत्येक सोडिअमला सहा सख्खे शेजारी, सगळे क्लोराइड, म्हणजे मिठातले क्लोरिन. प्रत्येक क्लोराइडला सहा शेजारी, सगळे सोडिअम. कोण कोणाचा, हा प्रश्न तिथे विचारायचाच नसतो. ब्रॅग या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी 1913 साली क्ष-किरण टाकून हे दाखवून दिलं. म्हणजे मी शाळेत होतो तेव्हाही ते खरंच होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

अपमान गिळला आणि पुस्तक मागून घेतलं. म्हटलं, मुळापासून शिकू.

मुळातच अडलो. पुस्तक म्हणतं, आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी. आता 'क्षार' हा शब्द मी आयुष्यभर आंबटाच्या विरुद्ध, काहीतरी राखेसारखं, साबणासारखं, अशा अर्थाने वापरत आलो. पुस्तकात ते काम आम्लारीकडे गेलंय आणि क्षार बिचारा दोघांच्या भांडणातून उरलेला तटस्थ गृहस्थ झालाय. मीठ हा क्षार, मोरचूद हा क्षार, तुरटीही क्षारच. मी विचारलं, "मग सगळे क्षार खारट असतात का?" तर नाही. शिशाचा एक क्षार चवीला चक्क गोड आणि वर विषारी. खारटपणाचा आणि क्षारपणाचा संबंध आडनावाचा आणि धंद्याचा असतो तेवढाच. सगळे कुलकर्णी हल्ली कुठे दफ्तर लिहितात?

मग आयन आले, म्हणजे विद्युतभार असलेले अणू. सोडिअमने एक इलेक्ट्रॉन गमावला की तो होतो धन आयन. क्लोरिनला एक इलेक्ट्रॉन मिळाला की तो होतो ऋण आयन. इथे माझा तोल गेला. ज्याच्या हातचं गेलं तो 'धन' आणि ज्याच्या पदरात पडलं तो 'ऋण'? हे कुठल्या व्यवहारात बसतं?

दोन दिवस मी हे उलटंच पाठ करत होतो. तिसऱ्या दिवशी दाढी करताना एकदम लक्षात आलं, की हे तंतोतंत व्यवहारातच बसतं! देतो तो धनको, घेतो तो ऋणको. सोडिअम हा सावकार. त्याने इलेक्ट्रॉन दिला, झाला धनको. क्लोरिन कर्जदार, झाला ऋणको. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून मी बाहेर धावलो आणि भाचीला हे सांगितलं. तिने मान वर केली नाही, पण वहीच्या समासात काहीतरी खरडलं. पुढच्या सगळ्या पडझडीत मला या एका खरडण्याचा आधार होता.

अर्थात सावकारी चालू झाली की शंका येणारच. सोडिअम धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो, म्हणून त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरिन हा तर विषारी वायू. मग मीठ पाण्यात टाकलं आणि हे दोघे वेगळे झाले, तर भांड्यात स्फोट का होत नाही?

"कारण ते वेगळे होताना हिशोब मिटवत नाहीत," भाची म्हणाली. हे माझंच भांडवल वापरून मला उत्तर! पाण्यात उतरतात ते सोडिअम आणि क्लोरिन नव्हेत, आयन. इलेक्ट्रॉन क्लोरिनकडेच राहतो. सोडिअमचा जो काही त्रागा असतो तो ती एक वस्तू गळ्यातून काढून टाकण्यासाठी. ती आधीच गेलेली आहे, त्यामुळे तो पाण्यात शांतपणे पोहतो. मुलीचं लग्न उरकलेल्या बापासारखा. (हे तिने म्हटलं नाही. हे मी म्हटलं आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं.)

या सगळ्याला पुस्तकात 'विचरण' म्हणतात. मीठ पाण्यात पडताक्षणी, कोणी वीज न लावता, आपण होऊन सुटं होतं, हे पटायला जड आहे आणि मी त्यात एकटा नाही. स्वांटे अऱ्हेनिअस या स्वीडिश तरुणाने 1884 साली या दिशेने जाणारा प्रबंध उप्सालाला सादर केला, तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पदरात घेण्याइतकाच दर्जा दिला. पुढे 1903 साली त्याला नोबेल मिळालं. सगळे अऱ्हेनिअसबद्दल हळहळतात. मला त्या परीक्षकांबद्दल वाटतं. रात्री अकरा वाजता असला प्रबंध वाचायला लागलेला माणूस काय करणार?

सल्फेट, सल्फाइट आणि सल्फाइड यांच्यावर मी फार लिहिणार नाही. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक ज्याने छड्या खाऊन शिकला, त्याच्यावर पुन्हा तीच वेळ आणू नये. सल्फेटमध्ये ऑक्सिजन चार, सल्फाइटमध्ये तीन, सल्फाइडमध्ये शून्य. मी लगेच नियम केला, 'एट' म्हणजे चार. पुढच्याच ओळीत नायट्रेट तीन घेऊन उभा. नियम खोडला.

प्रात्यक्षिक मात्र सोपं वाटलं. शंभर मिलिलीटर पाणी, त्यात मीठ घालत जायचं. साधारण 36 ग्रॅमपर्यंत पाणी गपगुमान ऐकतं, मग तळाशी चोथा बसायला लागतो. द्रावण संपृक्त झालं. मी ढवळलं. आणखी ढवळलं. मग ते उकळायला ठेवलं, कारण तापवलं की सगळं विरघळतं हे मला कोणी शिकवायला नको. दहा मिनिटांनी तळाचं मीठ होतं त्यापेक्षा वाढलेलं दिसलं! उकळून पाणीच उडून गेलं होतं. भाचीने तक्ता पुढे सरकवला: मीठ उकळत्या पाण्यातही 39 ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. त्याच्याच खालच्या ओळीत पोटॅशिअम नायट्रेट, 20 अंशाला 32 ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात 240 च्याही वर. म्हणजे माझा नियम बरोबर होता, मी क्षार चुकीचा निवडला होता. हे मी तीनदा सांगून पाहिलं.

शेवटचा घाव 'रेणुते'चा. मोल म्हणजे कण मोजायचं ठरलेलं माप, डझनासारखं. एक लीटर द्रावणात पदार्थाचे किती मोल, ती रेणुता. (मिठाला रेणू नाही, पण रेणुता आहे! यावर भाची म्हणाली, "मामा, पुढे चल.") एक मोल मीठ म्हणजे 58.5 ग्रॅम. मी एक लीटर पाणी काटेकोर मोजलं, मीठ तोललं, ओतलं, ढवळलं आणि हात झटकले.

"हे एक मोलर नाही. पाणी लीटरभर नको होतं, द्रावण लीटरभर हवं होतं."

आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, मग भांड्यावरच्या लीटरच्या खुणेपर्यंत पाणी घालायचं. माझं द्रावण खुणेच्या वर गेलं होतं. पण किती? मी डोळा अगदी पातळीला नेऊन पाहिलं. घातलेल्या मिठाचं स्वतःचं आकारमान 27 मिलिलीटर. पातळी वीसनेही वर आली नव्हती. उरलेले मिलिलीटर कुठे गेले? तर आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू खेचून घट्ट आवळतात, त्यामुळे पाणीच जरा दाटीवाटीने बसतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी काही न बोलता बराच वेळ त्या भांड्याकडे बघत बसलो.

ते संपृक्त द्रावण मी टाकलं नाही. बशीत ओतून टेबलावर, तिच्या वहीशेजारी ठेवलं आणि विसरलो. आठवड्याने पाहिलं तर तळाशी चौकोनी, कडा तासल्यासारखे खडे. भिंगातून एक मोठा घन दिसला, त्याच्या कोपऱ्याला बारका घन चिकटलेला. पण मीठ तिथे थांबलं नव्हतं. बशीच्या कडेवरून पांढरी साय चढून बाहेरून खाली उतरली होती, आणि तिच्याबरोबर ओलही वहीपर्यंत पोचली होती. पान कडक, खरखरीत झालेलं. माझी दोन वर्तुळं फुटून निळा डाग पानभर पसरलेला. कुठला 'सो', कुठला 'क्लो', काही कळत नव्हतं.

भाचीने पान उजेडात धरलं, थोडं झटकलं.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.