कोटेशनच्या टेम्प्लेटची यादी देणाऱ्या आमच्या टूलला आलेल्या २ ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला, सोबतचा स्क्रीनशॉटही मोठा करून पाहिला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: झोहो बुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या कोटेशनच्या टेम्प्लेटची यादी आणणारं आमचं टूल नाव, आयडी आणि प्रकार एवढंच देतं, डिझाइन दाखवत नाही. दिलेला आयडी पुढे चालत नाही. आणि एवढ्याशा कामासाठी पानभर डॉक्युमेंटेशन म्हणजे पाल्हाळ आहे. तारे किती द्यायचे हा तुमचा हक्क. आयडीच्या मुद्द्यावर मात्र तुमचं रोजचं काम अडलंय, म्हणून आधी तेच घेतो.

स्क्रीनशॉटमध्ये आयडी एक्सेलच्या रकान्यात आहे आणि त्याचे शेवटचे ४ अंक शून्य आहेत. झोहोचे आयडी १९ अंकांपर्यंत जातात. एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं आणि पुढच्या जागी शून्य भरतं, तेही काही न सांगता. म्हणजे टूलमधून बरोबर निघालेला आयडी पेस्ट करताक्षणी बदलला. रकान्याचा फॉरमॅट पेस्ट करण्याआधी 'टेक्स्ट' करून ठेवा. नंतर बदलला तर गेलेले अंक परत येत नाहीत. तुमच्या डेव्हलपरलाही एक निरोप द्या. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक भरवशाचे राहत नाहीत. म्हणूनच आम्ही आयडी नेहमी अवतरणचिन्हात, मजकूर म्हणून देतो. तो पुढे कुठेही नंबरमध्ये बदलू नका.

आता डिझाइनचं. टेम्प्लेटच्या यादीसाठी झोहोचा जो एपीआय (आमचं टूल जिथून माहिती मागतं तो दुवा) आहे, तो नाव, आयडी आणि प्रकारच परत करतो. लोगो कुठे आहे, अटी कुठे छापल्या जातात, बँकेचा तपशील येतो की नाही, हे त्या उत्तरात नसतंच. अंदाजानं एखादं चित्र बनवून दाखवता आलं असतं, पण ते मी कधीच करणार नाही. कोटेशन तुमच्या ग्राहकाच्या हातात जातं. पाहिलेलं एक आणि पाठवलेलं भलतंच निघालं, तर शब्द तुमचा जातो. डिझाइन पाहायचं असेल तर चाचणीच्या एखाद्या कोटेशनला तो आयडी लावा आणि पीडीएफ काढा. टेम्प्लेट लावायचं टूल आम्ही मुद्दाम वेगळं ठेवलंय, कारण त्याला बदल करण्याची परवानगी लागते. या टूलला फक्त वाचण्याची परवानगी आहे, त्यामुळे कालच कामावर आलेल्या माणसाच्या हातीही ते निर्धास्त देता येतं.

डॉक्युमेंटेशनचं पान मी कमी करणार नाही, आणि यावर जरा सविस्तर बोलायचंय. ते पान माणसांइतकंच एआय असिस्टंटही वाचतात, आणि कुठलं टूल केव्हा वापरायचं हे त्या वर्णनावरूनच ठरवतात. नुसतं 'एस्टिमेट टेम्प्लेट आणतो' (एस्टिमेट म्हणजे कोटेशनच) एवढंच लिहिलं, तर 'गेल्या आठवड्यातली कोटेशनं दाखव' म्हटल्यावरही असिस्टंट हेच टूल चालवतो आणि टेम्प्लेटची यादी कोटेशनची म्हणून सांगतो. म्हणून टूल काय देत नाही, हेही त्या पानावर लिहिलंय. वर्णनात एक वाक्य बदललं तरी आम्ही पुन्हा सगळी तपासणी करतो. टूल जिथे चालायला हवं तसे प्रश्न विचारतो, आणि जिथे हात लावायलाच नको तसेही. टोकन, म्हणजे टूलला खात्यात शिरू देणारी तात्पुरती किल्ली, १ तासानं संपतं, तेव्हा असिस्टंट 'टेम्प्लेटच नाहीत' असं तर सांगत नाही ना, हे पाहतो. रिकामी यादी आणि बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हिशेबाच्या कामात हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एका ऑर्गनायझेशनला, म्हणजे झोहोतल्या एका कंपनीच्या खात्याला, मिनिटाला १०० विनंत्यांची मर्यादा आहे, तीही तिथे नोंदवली आहे.

तुमच्या यादीत 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'किचन २' अशी नावं दिसली. उत्तरात डिझाइन येत नाही म्हटल्यावर निवड करायला असिस्टंटपाशी नावाखेरीज काही उरत नाही. 'मॉड्युलर किचन, ५०% आगाऊ' किंवा 'सोसायटी काम, टप्प्यानं पैसे' अशी नावं झोहोमध्ये देऊन बघा. तुमच्या ऑफिसातल्या माणसांनाही कुठलं टेम्प्लेट उघडायचं हे विचारावं लागणार नाही.

नाव आणि आयडीपुरतं टूल घेणं ज्यांना परवडत नाही, त्यांना पैसे परत द्यायला आमची ना नाही. तुमचीही तशी इच्छा असेल तर कळवा. पण आधी रकाना 'टेक्स्ट' करून, यादी नव्यानं आणून एकदा चालवून बघा. तरीही आयडी अडला, तर खातं भारतातल्या डेटा सेंटरवर आहे की दुसरीकडे, आणि एकाच लॉगिनमध्ये दोन ऑर्गनायझेशन आहेत का, एवढं बिलावरच्या ईमेलवर लिहून पाठवा. टोकन मात्र तिथेही नको आणि इथेही नको. आम्हाला ते लागत नाही.